चोवीस पडदे आणि एक त्रिकोण

सोमवारी, २४ एप्रिल १९८९ रोजी, सकाळी आठ वाजून चोवीस मिनिटांनी नागाओकाच्या एचिगो कृषियंत्र कंपनीत, सुट्या भागांच्या खात्यातल्या चोवीस टर्मिनलांपैकी एकच चालू होतं. सतरा कुलूपबंद झाली होती. उरलेल्या सहांना, त्यात गोदामातली दोन, अजून कोणाचा हात लागला नव्हता. साडेआठला फोन सुरू होणार होते.

संगणक कक्षातल्या कुवाबारा शिगेरूला हे कळलं तेव्हा तो लोकांचे आभार मानायला जिना उतरत होता. पहाटे सहा चाळीसपासून तो दुसऱ्या मजल्यावर फोनशेजारी बसून होता. नव्या लॉगिनचा तो पहिला दिवस होता. काही बिघडलंच तर खालून २१४ नंबरवर फोन येईल, असं त्याने सगळ्यांना लेखी कळवलं होतं. फोन आला नाही. सातला आला नाही, साडेसातला नाही, आठलाही नाही. आठ वाजता त्याने डब्यातल्या दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाल्ल्या. नऊ वर्षांच्या नोकरीत इतका गोड भात आपण खाल्ला नाही, असं त्याला वाटलं.

खालच्या दालनात रेडिओवरची कवायत चालू होती. बावीस माणसं हात वर करून डावीकडे झुकली होती आणि त्यांच्या मागे काळे पडदे ओळीने लाल अक्षरांत सांगत होते: टर्मिनल बंद. संगणक कक्षाशी संपर्क साधा.

"उचियामा-सान," कुवाबारा पहिल्या रांगेतल्या बाईंजवळ जाऊन हळूच म्हणाला, "हे कधी झालं?"

"सात पस्तीसला सुरू झालं," उचियामा इकुए कंबर वळवता वळवता म्हणाल्या. "मग होतच गेलं."

"फोन का नाही केलात मला?"

"साडेआठच्या आधी?" त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांना भर दुपारी रस्त्यावर गाणं म्हणायला सांगितलं होतं. "कामाची वेळ व्हायच्या आत वरच्या मजल्यावर फोन करायचा? मला कोणी वळण लावलं नाही असं वाटलं का तुला?"

"पडद्यावर लिहिलंय की. संपर्क साधा."

"कधी साधा ते कुठे लिहिलंय?"

तो उलट पावली जिना चढला. कुलपं फक्त वरच्या मुख्य कळफलकावरून उघडता येत होती. एकेक करून, प्रत्येक टर्मिनलचा पत्ता टाइप करून, यंत्राचं उत्तर येईपर्यंत थांबून. सतरा वेळा.

*

कुलपं लागली कशी, हे समजायला आधी जुनी पद्धत समजली पाहिजे.

जुन्या पद्धतीत पडदा कोरा असे. माणसाने एका ओळीत आज्ञा आणि आपला क्रमांक लिहायचा, मग खालच्या ओळीत परवलीचा शब्द, मग यंत्र तीन ओळींचं उत्तर देई, आणि माहितीचा साठा उघडे. एकच क्रमांक चोवीस ठिकाणी लिहिला तरी यंत्राची हरकत नसे. उचियामा-सान तेच करत. रोज सात पस्तीसला येत, दिवे लावत, पाणी तापत ठेवत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चोवीस टर्मिनलं आपल्या क्रमांकाने उघडून ठेवत. लोक येत, बसत, कामाला लागत. १९८१च्या जानेवारीत बर्फाने रेल्वे अडली होती आणि खात्यात त्या आणि अजून दोघंच पोचले होते, तेव्हापासूनची ही रीत. त्या दिवशी लोक तासातासाने येत राहिले, पण आल्या आल्या फोन उचलू शकले. मग बर्फ वितळला, रीत राहिली. कचेरीतल्या बाकीच्या एकवीस जणांनी आपला परवलीचा शब्द आठ वर्षांत एकदाही टाइप केला नव्हता.

कुवाबाराचं नवं लॉगिन पूर्ण पडद्याचं होतं. वर कंपनीचं नाव, भोवती चौकट, मध्ये तीन रकाने: कर्मचारी क्रमांक, परवलीचा शब्द, जागा क्रमांक. खाली सूचनेची एक ओळ. चोवीस ओळी, प्रत्येकीत ऐंशी अक्षरं; कोणतं अक्षर कुठे बसेल हे त्याने चौकटीच्या कागदावर पेन्सिलने आखलं होतं. त्यात दोन नियम बसवले होते. एक क्रमांक एका वेळी एकाच टर्मिनलवर चालेल. आणि तीनदा चुकलं तर टर्मिनल बंद होईल.

महिनाभर आधी त्याने परिपत्रक फिरवलं होतं. त्यातला चौथा प्रश्न असा होता: आपल्या खात्यात कोणी एकच क्रमांक एकाहून अधिक टर्मिनलांवर वापरतं का? कागद परत आला तेव्हा त्यावर बावीस शिक्के होते, सरळ रेषेत, सुबक. उत्तर एकही नव्हतं. वाचलं याची खूण म्हणून शिक्का मारायचा असतो. या कंपनीत तो कागद पुढे सरकला याची खूण म्हणून मारत.

तर सोमवारी सात पस्तीसला पहिल्या टर्मिनलने उचियामा-सानना आत घेतलं. दुसऱ्याने सांगितलं, हा क्रमांक टर्मिनल एकवर वापरात आहे. त्यांना वाटलं, आपलंच बोट घसरलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. मग तिसऱ्यांदा, अगदी सावकाश. दुसरं टर्मिनल बंद झालं. हे यंत्रच जरा तिरसट दिसतंय असं म्हणून त्या तिसऱ्याकडे गेल्या. अर्ध्यावर काम टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कवायतीची धून वाजली तेव्हा त्या अठराव्यावरून उठल्या होत्या.

*

आठ तीस ते आठ चव्वेचाळीस या चौदा मिनिटांत काय झालं, हे कुवाबाराने पाहिलं नाही. तो वर कुलपं उघडत होता. पण नंतर त्याने प्रत्येकाला विचारून लिहून काढलं, आणि सगळ्यांचं सांगणं जुळत होतं.

एकतीस फोन आले. एप्रिलचा शेवटचा आठवडा म्हणजे भातलावणीच्या तोंडावरचे दिवस. लोक एप्रिलअखेरच्या सलग सुट्ट्यांत लावणी उरकायची म्हणून लावणीयंत्र शेडमधून बाहेर काढतात, आणि तेव्हाच त्यांना गेल्या वर्षी तुटलेला, रोपं धरणारा चिमटा आठवतो. उरलेल्या टर्मिनलांना, तीही बंद पडतील म्हणून, कोणी हात लावला नाही. उचियामा-सान दालनाच्या मधोमध उभ्या राहिल्या. ज्याच्या हातात फोन तो ओरडून विचारी, "सहा ओळींचं, चौऱ्याऐंशीचं, डावा चिमटा," आणि त्या तोंडपाठ क्रमांक सांगत. जिथे खात्री नसे तिथे पहिल्या टर्मिनलवर पाहून सांगत. एकतीसपैकी तीस क्रमांक बरोबर निघाले. एक मार्चमध्ये बदललेला होता. तो नऊ दहाला लक्षात आला आणि माल निघण्याआधी दुरुस्त झाला.

आठ चव्वेचाळीसला सगळी टर्मिनलं मोकळी झाली. मग आणखी एक गोष्ट उघड झाली. शुक्रवारी कुवाबाराने प्रत्येकाला नवा परवलीचा शब्द बंद पाकिटात दिला होता. एकवीसच्या एकवीस पाकिटं, न फोडलेली, रबर बँड लावून उचियामा-सानच्या सेनबेईच्या, तांदळाच्या बिस्किटांच्या, डब्यात होती. लोकांनी ती नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे सोपवली होती.

"उघडली नाहीत ना तुम्ही?" कुवाबाराने विचारलं.

"दुसऱ्याचं पत्र मी कशाला उघडू?" त्या म्हणाल्या, आणि शाळेतल्या बाई वह्या वाटतात तशी नावं घेऊन पाकिटं वाटली.

आठ बावन्नला कचेरीतली सगळी टर्मिनलं ज्याच्या त्याच्या क्रमांकाने चालू झाली.

*

प्रश्न विभागप्रमुखांचा, म्हणजे बुचोंचा, होता. काझामा-बुचो हे ओजियाचे. घरचं दीड हेक्टर भात, आणि शेतकऱ्याला फोनवर ताटकळत ठेवणं हे त्यांच्या लेखी सर्वांत मोठं पाप. कुवाबाराच्या प्रस्तावावर सात जणांच्या शिक्क्यांसाठी सात चौकोन होते. सहा भरले होते. सातवा बुचोंचा. त्यांनी मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं, "आठवडाभर चालवून दाखव. त्या आठवड्यात एकाही माणसाला फोनवर थांबावं लागलं नाही, तर शिक्का. एक जरी थांबला, तर तुझी चौकट काढायची आणि जुनी ओळ परत आणायची. भांडायचं नाही."

कुवाबारा भांडला नव्हता. पण हा शिक्का त्याला का हवा होता हे त्याने कोणाला सांगितलंही नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात सादो बेटावर सहाशे चुकीचे बोल्ट गेले होते. नोंद उचियामा-सानच्या क्रमांकाने झालेली होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वच्छ अक्षरात माफीचं पत्र लिहिलं. ते त्यांच्या फायलीत लागलं आणि प्रकरण मिटलं. नोव्हेंबरात दुसऱ्याच कामासाठी रजांची वही पाहताना कुवाबाराला दिसलं, की ज्या दिवशी ती नोंद झाली त्या १९ सप्टेंबरला त्या कचेरीत आल्याच नव्हत्या. दिरांच्या अंत्यविधीसाठी तोकामाचीला गेल्या होत्या. टर्मिनलं आदल्या शुक्रवारपासून त्यांच्याच क्रमांकाने उघडी राहिली होती. चूक कोणाची, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ती आपल्या अंगावर घेतली होती.

सगळ्यांच्या नोंदी एकाच क्रमांकावर पडत, म्हणून मुख्य कचेरीने त्यांना सलग दोन वर्षं सर्वाधिक नोंदींचं प्रशस्तिपत्र पाठवलं होतं. एका बाईने एका दिवसात तीन हजार नऊशे नोंदी कशा केल्या, असं तिथे कोणी विचारलं नाही.

*

सोमवारी दुपारी उचियामा-सान चहा घेऊन संगणक कक्षात आल्या. पहिल्यांदाच आल्या असाव्यात. थंडगार हवेत, यंत्रांच्या घोंघाटात त्यांनी स्वेटरची बटणं लावली.

"माफीचं पत्र लिहून आणलंय," त्या म्हणाल्या. "सतरा टर्मिनलं मी बंद पाडली. बुचोंना द्यायच्या आधी तू वाच, यंत्राची नावं बरोबर आहेत का ते."

"ते देऊ नका."

"का?"

"चूक माझी आहे. दोन्ही नियम मी बसवले. तुम्ही सकाळी काय करता हे मी विचारायला हवं होतं, खाली येऊन, कागदावर नव्हे."

"विचारलं होतंस. मी शिक्का मारला."

"वाचून?"

त्या चहा ओतू लागल्या. "तुझं अक्षर बारीक असतं."

कुवाबाराने आपल्या मेजाचा खण उघडून स्वतःचं माफीचं पत्र दाखवलं. तेही लिहून तयार होतं. दोघांनी एकमेकांची पत्रं वाचली.

"तुझ्या पत्रात एक चूक आहे," त्या म्हणाल्या. "सतरा टर्मिनलं 'बंद झाली' असं लिहिलंयस. मी बंद पाडली. आपोआप झाली नाहीत."

"उचियामा-सान, सप्टेंबरातलं पत्रसुद्धा तुम्ही असंच लिहिलं होतं. मला माहीत आहे त्या दिवशी तुम्ही कुठे होता."

चहाची किटली ठेवायला त्यांना नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला. "मग?"

"मग म्हणून हा पडदा. ज्याची नोंद त्याचं नाव. तुमच्या नावावर दुसऱ्याचे बोल्ट नकोत."

"म्हणजे हा सगळा खटाटोप माझ्यापायी?"

"मुख्य कचेरीलाही हवाच होता," कुवाबारा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"लग्न झालं नाही ना अजून तुझं?" त्यांनी विचारलं. "पडदा बघूनच कळतं. एकाला आत घेतलं की दुसऱ्याला दारातून परत. स्वभाव चांगला आहे. पण दारात तीनदा उभं राहिलं की कुलूप, हे जरा जास्त होतं."

मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि कामाचं बोलल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. लोकांनी आपापल्या नावाने यावं, कबूल. पण सकाळी येऊन चोवीस काळे पडदे पाहायचे आणि पाण्याची किटली घेऊन बसून राहायचं, हे त्यांना जमणार नाही. पडदा आधीच जागा करून, त्यावर त्या त्या माणसाचं नाव काढून ठेवता येईल का? माणसाने यायचं, फक्त आपला शब्द लिहायचा.

कुवाबाराने चौकटीचा कागद पुढे ओढला. टर्मिनलांची एक यादी यंत्रात होतीच: कोणतं टर्मिनल कोणत्या तारेवर, पडदा किती ओळींचा. त्या यादीत प्रत्येकापुढे बसणाऱ्याचा क्रमांक घातला, तर लॉगिनचा पडदा उघडतानाच पहिला रकाना भरलेला येईल आणि लिहिण्याची जागा दाखवणारी उजेडाची खूण थेट परवलीच्या रकान्यात उभी राहील. कोणी दुसऱ्याच्या जागी बसलं तर क्रमांक खोडून आपला लिहील. नियम तोच, कुलूप तेच. हे त्याला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं.

"बुधवारपर्यंत करतो," तो म्हणाला.

"सावकाश कर," त्या म्हणाल्या. "आणि अक्षर मोठं काढ."

अक्षर मोठं करता येत नाही हे त्याने त्यांना सांगितलं नाही.

*

मंगळवार गोदामाच्या होन्मांनी खाल्ला.

गोदामात दोन टर्मिनलं होती, सगळ्यांत जुनी, बारा ओळींच्या पडद्याची. चोवीस ओळींचं चित्र त्यात मावत नव्हतं, म्हणून कुवाबाराने त्यांच्यासाठी छोटा पडदा वेगळा बनवला होता. होन्मांची नोकरी एकतीस वर्षांची. ते स्वतः मजले चढून वर आले.

"तुझं यंत्र मेलं," ते म्हणाले. "शब्द लिहितोय, काही उमटत नाही."

"तो उमटू नये असंच केलंय. शेजारच्याला दिसू नये म्हणून."

"गोदामात माझ्या शेजारी चिखलणीचे नांगर आहेत."

"तरीही, होन्मा-सान."

"आणि मी काय लिहिलं ते मला कसं कळणार?"

"तुम्हाला माहीत असतं ना, आपण काय लिहितोय ते?"

"मला बायकोचा वाढदिवस माहीत नसतो."

कुवाबारा खाली गेला. त्याच्यासमोर होन्मांनी शब्द लिहिला, तो नाकारला गेला. पुन्हा लिहिला, पुन्हा नाकारला. तिसऱ्या वेळी कुवाबाराने त्यांचा हात धरला आणि कळफलक पाहिला. काना लिपीची, म्हणजे जपानी अक्षरांची, कळ दाबलेली राहिली होती; परवलीचा शब्द मात्र रोमन अक्षरांत होता. होन्मा दिवसभर यंत्रभागांची नावं कानामध्ये लिहीत. लिपी बदलायची हे रिकाम्या रकान्यात त्यांना कोण सांगणार? उमटत असतं तर दिसलं असतं. कचेरीत हे आणखी किती जणांचं होतंय हे विचारल्यावर सहा जण लाजत पुढे आले. त्याच दुपारी कुवाबाराने परवलीच्या रकान्यावर एक ओळ वाढवली: आधी लिपी पाहा.

होन्मांचं एवढ्याने भागलं नाही. "वर कचेरीत त्यांच्या पडद्यावर चौकट आहे म्हणे," ते म्हणाले. "गोदामाला बिनचौकटीचं?"

"बारा ओळींत मावत नाही हो."

"मावत नाही, का मावू दिली नाही?"

कुवाबाराने कंपनीच्या नावाची ओळ आखडून वर एक आणि खाली एक रेघेची ओळ बसवली. उभ्या बाजू राहिल्याच. होन्मांनी ते पाहून मान हलवली आणि म्हणाले, छप्पर आणि जमीन झाली, भिंती पुढच्या वर्षी बघू. संध्याकाळी त्यांनी त्याच्या मेजावर वेळूच्या पानात बांधलेले पाच सासादांगो, तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, ठेवले.

बुधवारी सकाळी उचियामा-सानचे पडदे तयार होते. सात पस्तीसला त्यांनी टोकापासून सुरुवात केली: बटण, काच उजळेपर्यंत थांबायचं, एक कळ, आणि चौकटीत त्या जागेवरच्या माणसाचं नाव. कचेरीतली बावीस नऊ मिनिटांत, मग गोदामातली दोन. कुवाबारा या वेळी जिन्याच्या पायरीवर बसून पाहत होता. कचेरीतल्या शेवटच्या पडद्यावर नाव उजळल्यावर त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि रांगेकडे पाहिलं.

"जेवायला पाटावर नावं मांडल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी एकही टर्मिनल बंद झालं नाही. गुरुवारी एक झालं. नव्याने बदली होऊन आलेल्या एका मुलीने परवलीच्या शब्दाऐवजी तीनदा आपलं नाव लिहिलं होतं. शुक्रवारी एकही नाही.

*

शुक्रवारी, २८ तारखेला, दुपारी चार पन्नासला काझामा-बुचोंनी दोघांना बोलावलं. मेजावर दोन माफीची पत्रं शेजारी शेजारी होती. त्यांच्यापुढे टेलिफोन जोडून देणाऱ्या फळ्यावर, म्हणजे स्विचबोर्डवर, बसणाऱ्या बाईंची वही.

"एका चुकीला दोन गुन्हेगार," बुचो म्हणाले. "गेली वीस वर्षं मला अर्धा मिळायचीही मारामार आहे. खरा कोण?"

"मी," कुवाबारा म्हणाला.

"मी," उचियामा-सान म्हणाल्या.

"बरं. ते नंतर." त्यांनी वही उघडली.

फळ्यावरच्या बाई प्रत्येक फोनपुढे खूण करत. फोन लगेच घेतला आणि काम झालं तर वर्तुळ. माणसाला थांबवून ठेवलं तर फुली. त्या आठवड्यात आठशे बारा फोन आले होते. बुचोंनी सगळी पानं तपासली होती. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या. वर्तुळं आठशे अकरा. फुली एकही नाही. सोमवारी आठ वाजून सदतीस मिनिटांच्या फोनपुढे त्रिकोण होता.

"त्रिकोण म्हणजे काय?" बुचोंनी विचारलं. "फळ्यावरच्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, वर्तुळ म्हणवत नाही, फुली मारवत नाही. तोचिओचे इमाई. कोणी घेतला हा फोन?"

"मी," उचियामा-सान म्हणाल्या.

"थांबवलंत त्यांना?"

"नाही. आम्ही बोलत होतो."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं चाळीस सेकंद. पहिल्या टर्मिनलवर तेव्हा दुसऱ्या कोणाचा शोध चालू होता. इमाईंना हवी होती ती साखळी मला पाठ नव्हती."

"आणि बोलत होता कशाबद्दल?"

"त्यांच्या सुनेबद्दल. ती निइगाताला नर्सिंग शिकतेय. भातलावणीला येणार नाही म्हणते. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. ते म्हणाले, मग चिखलात कोण उतरणार? मी म्हटलं, मुलगा उतरेल, तो तुमचा आहे ना? तेवढ्यात साखळीचा क्रमांक आला."

बुचोंनी चष्मा काढला. कुवाबाराला वाटलं ते हसणार. ते हसले नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांनी नको इतका वेळ घेतला.

"म्हणजे इमाई फोन धरून उभे होते," ते म्हणाले. "साखळीचा क्रमांक नसताना."

"बोलत उभे होते," उचियामा-सान म्हणाल्या. "इमाई दर वर्षी बोलतात. गेल्या वर्षी गाईबद्दल चार मिनिटं बोलले. तेव्हा वर्तुळ होतं."

"तेव्हा बोलायचं म्हणून बोलत होते. या वेळी तुम्ही बोलायला लावलंत."

कुवाबाराने बोलायला तोंड उघडलं. बुचोंनी हात वर केला. "भांडायचं नाही असं ठरलंय."

"भांडत नाही. एवढंच सांगतो, की त्यांनी दुसऱ्याच्या चुकीसाठी पुन्हा पत्र लिहिलंय. नवा पडदा राहिला तर तिसऱ्यांदा लिहायची वेळ येणार नाही."

"पुन्हा म्हणजे?"

कुवाबाराने सप्टेंबरची १९ तारीख सांगितली. उचियामा-सान खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बुचोंनी कपाटातून फाईल काढली, मग रजांची वही, दोन्ही तारखा एकमेकींसमोर धरल्या. मग त्यांनी सप्टेंबरचं माफीचं पत्र फायलीतून सोडवलं, दोन घड्या घातल्या आणि उचियामा-सानना दोन्ही हातांनी परत दिलं. या आठवड्याची दोन पत्रंही ज्याची त्याला परत केली.

"हे संपलं," ते म्हणाले. "पण माझी अट वेगळी होती, आणि अट म्हणजे अट. इमाई थांबले की बोलले, हे तुम्ही दोघं ठरवू शकत नाही, आणि मीही नाही. इमाई ठरवतील. मी त्यांना विचारतो."

त्यांनी तिथेच तोचिओला फोन लावला. इमाईंच्या पत्नी होत्या. नवरा यंत्राला नवी साखळी बसवायला शेडमध्ये गेला आहे, म्हणाल्या. साखळी चांगली आहे. निरोप ठेवते.

*

सुट्ट्यांत खातं चालूच होतं. ३ मेपासून काझामा-बुचो स्वतः रजेवर गेले, ओजियाला, आपल्या दीड हेक्टरांत. पाण्याला उशीर झाल्याने त्यांची लावणी लांबली. जाण्याआधी त्यांनी तोचिओला दुसरा फोन केला होता, आणि रजेवरून तिसरा. दोन्ही वेळा इमाईंच्या पत्नीच भेटल्या. पहिल्यांदा इमाई शेतात होते. दुसऱ्यांदा निइगाताला गेले होते, मुलाला घेऊन, सुनेला भेटायला.

सोमवारी, ८ मेला, संध्याकाळी पाचपर्यंतची स्थिती अशी. चोवीस टर्मिनलं नव्या पडद्यावर चालू आहेत. जुनी ओळ यंत्रात तशीच ठेवलेली आहे. ती परत आणायला कुवाबाराला अकरा मिनिटं लागतील, हे त्याने मोजून पाहिलं आहे. प्रस्तावाच्या कागदावर सहा शिक्के आहेत आणि सातवा चौकोन कोरा आहे. इमाईंचा फोन आलेला नाही. बुचो बुधवारी येतील, असं त्यांनी कळवलं आहे.